पायरीवरचा चोखोबा आणि दुसरीतला मुलगा

२०२५ साली आषाढी एकादशी ६ जुलैला, म्हणजे रविवारी आली. त्यामुळे आमच्या मुलाच्या शाळेची बालदिंडी आदल्या दिवशी शनिवारी सकाळीच उरकून घेण्यात आली. सोलापुरात राहणाऱ्याला बालदिंडी म्हणजे काय ते सांगायला नको. पुठ्ठ्याची पालखी, प्लॅस्टिकच्या कुंडीतली तुळस, कागदी पताका, लेझीम, आणि मैदानाच्या कडेला मोबाईल उंच धरून उभे असलेले आईबाप. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, शहरापासून अवघ्या सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर. तेव्हा आषाढीच्या आधीच्या आठवड्यात ड्रेपरीच्या दुकानात विठ्ठलाचा मुकुट मिळणे मुश्किल होते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

माझा मुलगा दुसरीत आहे. वय वर्षे सात. दोन दिवस आधी वहीत चिठ्ठी आली : वेशभूषा - संत चोखामेळा. धोतर, बंडी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी चिठ्ठी दोनदा वाचली. वर्गात चाळीस मुले. ज्ञानेश्वर कोण, तुकाराम कोण, सावता माळी कोण, गोरा कुंभार कोण, याची यादी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली होती. तिच्यात चोखामेळा म्हणून आमच्याच घरचे नाव कसे आले, हा प्रश्न मी बाईंना विचारला नाही. योगायोग असेल. वर्गशिक्षिका तरुण आहेत, मुलांवर जीव लावतात, आडनाव बघून त्यांनी यादी केली असे म्हणायला माझ्याकडे काडीचा पुरावा नाही. पण आपल्याकडचे योगायोग नेमके आपल्याच दारात का येतात, हेही विचारायला हवे.

घरात चर्चा झाली. माझे वडील म्हणाले, पाठवू नको. त्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाच्या घरात आयुष्य काढलेले आहे, त्यांचे म्हणणे सरळ होते. बायको म्हणाली, चाळीस पोरे नाचणार आणि आपला एकटा घरात बसणार, त्याला काय सांगायचे? मुलाला यातले काहीच कळत नव्हते. त्याला काठी मिळणार याचाच आनंद होता. शेवटी मी दीडशे रुपये भाडे आणि दोनशे रुपये डिपॉझिट भरून घोंगडी आणली. चळवळीतले काही मित्र हे वाचून माझ्यावर नाराज होतील. व्हावे. मी काय केले ते लपवून लेख लिहिण्यात अर्थ नाही.

दिंडी मैदानाला फेरी मारून व्यासपीठाजवळ आली. तिथे थर्माकोलचे मंदिर उभे केले होते. आत विठ्ठल-रुक्मिणी झालेली दोन मुले कमरेवर हात ठेवून केव्हाची कंटाळून उभी होती. एकेक संत माईकवर येऊन आपले नाव सांगायचा आणि मंदिरात जाऊन विठ्ठलाच्या शेजारी बसायचा. टाळ्या. फोटो. आमच्या चिरंजीवांचा नंबर आला. त्याने खणखणीत आवाजात नाव सांगितले. मग निवेदन करणाऱ्या सरांनी माईकवर सांगितले की संत चोखोबांना मंदिरात प्रवेश नव्हता, म्हणून ते पायरीपाशीच थांबत, तरीही त्यांची भक्ती कमी झाली नाही. आणि मुलाच्या खांद्याला धरून त्याला थर्माकोलच्या पायरीजवळ उभे केले. पुन्हा टाळ्या. या वेळच्या टाळ्या जरा जास्तच होत्या, कारण प्रसंग लोकांना हृदयस्पर्शी वाटला. सगळ्या संतांचा एकत्र फोटो निघाला तेव्हाही तो खालीच उभा होता. आपण फोटोत यावे म्हणून मान लांब करत होता.

मी तिथे काही बोललो नाही. मैदानात तीनशे माणसे होती, हेही त्याला एक कारण. घरी येताना गाडीवर मागून प्रश्न आला, "पप्पा, मी आत का नाही गेलो? मी तर बरोबर बोललो होतो."

सात वर्षांच्या मुलाला वाटते की आत जाता आले नाही म्हणजे आपले काहीतरी चुकले असणार. शाळेत असेच असते ना, चुकले की बाहेर उभे राहायचे.

आता यातले राजकारण पाहू. शाळेने चोखोबाची गोष्ट सांगितली, ती खोटी सांगितली असे नाही. ती अर्धी सांगितली. चोखोबा मंगळवेढ्याचे. मंगळवेढा आपल्याच जिल्ह्यातला तालुका. परंपरा सांगते की तिथे गावकुसाच्या कामावर वेठबिगारीला लावलेली माणसे भिंत कोसळून गाडली गेली आणि त्यात चोखोबा गेले. साल १३३८ सांगतात. नामदेवांनी त्यांची हाडे वेचून पंढरपुरात आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. म्हणजे ज्या भिंतीच्या आत राहण्याचा अधिकार नाही ती भिंत बांधताना माणूस मेला, आणि ज्या देवळाच्या आत जाण्याचा अधिकार नाही त्याच्या दाराशी त्याची हाडे पुरली गेली. आणि त्या देवळाचे दार अस्पृश्यांसाठी कधी उघडले? १९४७ साली, मे महिन्यात, साने गुरुजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले तेव्हा. चोखोबा गेल्यानंतर सहाशे वर्षांनी. माईकवरच्या सरांनी यातले एक वाक्य जरी सांगितले असते तरी मुलांना कळले असते की पायरीवर थांबणे ही भक्ती नव्हती, बंदी होती. बंदीला भक्ती म्हणून टाळ्या घ्यायच्या, ही या देशातली फार जुनी हातचलाखी आहे.

माता रमाईंना पंढरपूरला जायची इच्छा होती हे आपल्या घराघरात माहीत आहे. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्या पंढरपुरात आपल्या माणसाला लांबूनच दर्शन घ्यावे लागते तिथे जायचे कशाला, आपण आपल्या कष्टाने आणि सेवेने दुसरे पंढरपूर उभे करू, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. तेच बाबासाहेब १९४८ मध्ये अस्पृश्य कोण होते याचा शोध घेणारा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण करतात. आणि २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडच्या बुद्धमूर्तीसमोर पंढरपूरचे मूळ देऊळ बौद्धांचे होते असे सांगतात. तेव्हा चोखोबा आपला नाही असे मी म्हणणार नाही. चोखोबा आपलाच आहे. म्हणूनच त्याला पायरीवर कोणी उभे करायचे आणि त्याची गोष्ट कोणी सांगायची, हा प्रश्न आपला आहे.

काही वाचक म्हणतील, एका शाळेतल्या वेशभूषेवरून एवढे रामायण कशाला? मला वाटते एवढे तरी हवे. २०२५ च्या त्या जूनमध्ये पहिलीच्या मुलाने तिसरी भाषा शिकावी की नाही यावरून सगळा महाराष्ट्र तापला होता. सरकारला २९ जूनला हिंदीचे शासन निर्णय मागे घ्यावे लागले. मुलांच्या तोंडात कोणती भाषा घालायची यावर सगळे पक्ष बोलले. त्यांच्या अंगावर कोणता वेश घालायचा यावर कोणी बोलत नाही. त्याआधीच्या वर्षी, मे २०२४ मध्ये, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला. त्यात मनुस्मृतीतला श्लोक निघाला. मनाचे श्लोक आणि गीतेच्या अध्यायाचे पाठांतरही त्यात सुचवले होते. १९२७ साली महाडला जे जाळले ते ९७ वर्षांनी मोठ्यांचा आदर कसा करावा हे शिकवायला परत आले. ओरड झाली, मनुस्मृतीचा समावेश होणार नाही असे शिक्षणमंत्र्यांना सांगावे लागले. हा विजय लहान नव्हता. पण मसुदा छापील असतो, त्यावर हरकत घेता येते. बालदिंडीचा मसुदा निघत नाही. वहीत चिठ्ठी येते, एवढेच.

म्हणून कायदा काय म्हणतो ते पाहिले पाहिजे. संविधानाचे कलम २८. जी शिक्षणसंस्था पूर्णपणे राज्याच्या पैशावर चालते तिथे धार्मिक शिक्षण देता येणार नाही, हा त्याचा पहिला भाग. जी संस्था शासनमान्य आहे किंवा अनुदान घेते, तिथे कोणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही, त्याची स्वतःची संमती असल्याशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकाची संमती असल्याशिवाय, हा तिसरा. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा सरकारी शाळांत धार्मिक शिक्षणाची मुभा द्यावी असा आग्रह होता. बाबासाहेबांनी तो मान्य केला नाही. इतके धर्म असलेल्या देशात कोणत्या धर्माचे शिक्षण देणार आणि सगळ्यांनी भरलेल्या करातून एकाचे का देणार, हा त्यांचा मुद्दा होता. अजूनही त्याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

शाळा म्हणेल, दिंडी हे धार्मिक शिक्षण नाही, ही संस्कृती आहे. इथे आपल्या बाजूनेही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. कायद्यात ही रेघ ठळक नाही. धर्मांविषयी माहिती देणे वेगळे आणि धर्माचे शिक्षण देणे वेगळे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात म्हटले आहे. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत प्रार्थनेविरुद्धची याचिका जानेवारी २०१९ मध्ये दोन न्यायमूर्तींनी मोठ्या पीठाकडे पाठवली. म्हणजे रोजच्या प्रार्थनेचा प्रश्नही न्यायालयाला सोपा वाटला नाही. पण दुसरीकडे १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला आहे. केरळातली तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावले. राष्ट्रगीताच्या बाबतीत जर मुलाच्या श्रद्धेला एवढी जागा आहे, तर थर्माकोलच्या मंदिरासमोर हात जोडण्याच्या बाबतीत किती असायला हवी? आणि आरती झाली, हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला की ती उपासनाच होते. तिथे संस्कृती शब्दाची ढाल चालत नाही.

तरीही कलम २८ ने माझ्या मुलाचा प्रश्न सुटत नाही. संमती नाकारली तर तो घरी बसेल. वेशभूषेच्या दिवशी घरी बसलेला मुलगा सोमवारी वर्गात गेल्यावर काय होते ते ज्याने भोगले त्याला माहीत आहे. १९८५ च्या सुमारास मी स्वतः असा घरी बसलो आहे. वडिलांचा अभिमान वाटला तो फार नंतर. त्या दिवशी फक्त रडू आले होते.

बाबासाहेबांच्या बालपणीची एक गोष्ट यासंदर्भात आठवते. त्यांनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये भिवा रामजी आंबेडकर या नावाने, रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकावर त्यांचा दाखला झाला. बसायला घरून नेलेले गोणपाट. नळ शिपायाने उघडला तरच पाणी. पुढच्या वर्षी, १९०१ मध्ये, उन्हाळ्याच्या सुट्टीत भावंडांसोबत वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले. या प्रवासासाठी नवे सदरे शिवले होते, जरीच्या टोप्या होत्या, नवे बूट होते. मुले सणाला नटावीत तशी नटली होती. मसूर स्टेशनवर उतरल्यावर स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली. इतक्या चांगल्या कपड्यातली मुले बघून त्याला ती उच्चवर्णीयांची वाटली असावीत. जात कळली आणि तो मागे सरला. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. जवळ भाकरी होती पण प्यायला पाणी मिळेना, म्हणून रात्र उपाशी काढली. नऊ-दहा वर्षांचा मुलगा त्या सुट्टीत जे शिकला ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते.

आज गोणपाट नाही, नळ सगळ्यांना आहे. हे कमी नाही आणि ते आपोआप झालेले नाही. पण वेश कोणता आणि जागा कोणती, हे अजून दुसरेच ठरवतात.

आता कॅलेंडर काढा. ७ नोव्हेंबर हा दिवस राज्य सरकारने २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला. तो कधी दिवाळीच्या सुट्टीत सापडतो, कधी सुट्टी संपून शाळा नुकती भरलेली असते. २०१८ साली तर लक्ष्मीपूजनच ७ नोव्हेंबरला होते. १४ एप्रिल परीक्षांच्या धामधुमीत. ११ एप्रिलचीही तीच गत. बुद्धपौर्णिमा उन्हाळ्याच्या सुट्टीत. धम्मचक्र प्रवर्तनाचा दसरा आला की शाळेत पाटीपूजन आणि सरस्वती. १४ जानेवारीला नामविस्तार दिन, त्या दिवशी सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा आणि गड्डा. मी यात कोणाचा कट शोधत नाही, कॅलेंडर चंद्र-सूर्याने ठरते. पण परिणाम असा की आपल्या मुलाने पहिली ते चौथीत आषाढीची दिंडी चारदा पाहिलेली असते, दहीहंडी चारदा फोडलेली असते, आणि बुद्ध किंवा बाबासाहेब यांच्यासाठी शाळेचे मैदान सजलेले एकदाही पाहिलेले नसते. त्याच्या लेखी मैदानावर होतो तो सगळ्यांचा सण आणि गल्लीत होते ती आपली जयंती. ही वाटणी त्याच्या डोक्यात सातव्या वर्षी पक्की होते, मग पुढे कितीही भाषणे ऐकवा.

एक अपवाद सांगितला पाहिजे. परिपाठात प्रास्ताविका वाचण्याचा आदेश सरकारने २०१३ मध्ये काढला होता, जानेवारी २०२० मध्ये तो पुन्हा बजावला. १५ ऑगस्ट २०२५ ला झेंडावंदनानंतर दुसरीच्या वर्गाने प्रास्ताविका म्हणून दाखवली. धर्मनिरपेक्ष या शब्दाला अर्धी मुले अडखळली, माझाही अडखळला. त्या वर्षी गोपाळकाला दुसऱ्याच दिवशी होता, म्हणून तासाभरात त्याच मैदानात त्याच मुलांची हंडी बांधली गेली. अडखळलेल्या शब्दाचा अर्थ सांगायला एवढे चांगले निमित्त पुन्हा मिळाले नसते. कोणी सांगितला नाही.

आपल्या घरातही डोकावू या. मी राहतो त्या भागात एप्रिलमध्ये मिरवणुकीच्या मंडळांना वर्गणी कमी पडत नाही. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात मुलांच्या वेशभूषेची पन्नास जोड कापडे कायमची शिवून होतील. अशोक, महाप्रजापती गौतमी, जोतीराव, फातिमा शेख, आपल्या सोलापूरचे कुर्बान हुसेन आणि मल्लप्पा धनशेट्टी. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेले हे हुतात्मे आपल्याच शहराचे, पण ड्रेपरीच्या दुकानात त्यांचा पोशाख मागा, मिळत नाही. शाळेने मागितला तर द्यायला आपल्याकडे तरी आहे का? मागणी करणाऱ्याने पुरवठ्याचीही तयारी ठेवावी लागते. किती विहारांत रविवारी सकाळी दहा मुले जमतात, हे ज्याने त्याने आपल्या विहारात जाऊन मोजावे. मी मोजले आहे, आकडा लिहीत नाही.

दिंडीनंतरच्या आठवड्यात मी मुख्याध्यापिकांना अर्ज दिला. मजकूर चार ओळींचा. पूजा किंवा आरती असलेल्या कार्यक्रमाआधी पालकांची लेखी संमती घ्यावी. संतांच्या आणि महापुरुषांच्या भूमिका चिठ्ठ्या टाकून द्याव्यात. आणि ३ जानेवारी, २६ नोव्हेंबर, ७ नोव्हेंबर या दिवसांना तेवढाच वेळ आणि तेवढाच खर्च मिळावा. बाईंनी अर्ज शांतपणे वाचला. पहिली मागणी वर विचारून सांगते म्हणाल्या. दुसरी वाचताना त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि मला वाटते त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळले. "सर, आमच्या डोक्यात तसं काही नव्हतं हो," असे त्या म्हणाल्या. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. डोक्यात नसतानाही हे घडते, हेच तर सांगायला मी गेलो होतो. तिसरी मागणी त्यांनी जागीच मान्य केली.

आणि खरोखरच ३ जानेवारी २०२६ ला शाळेत सावित्रीबाईंवर छोटे नाटक बसवले. भूमिका चिठ्ठ्या टाकून दिल्या. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. एका विडी कामगार बाईची मुलगी सावित्री झाली होती, हिरव्या लुगड्यात, हातात पाटी. चिरंजीवांना चिठ्ठीत शेण मारणाऱ्या माणसाची भूमिका आली. शेणाऐवजी कागदाचे गोळे. सर्वात जास्त गोळे त्यानेच मारले, नेम धरून मारले, आणि ते संपल्यावर खाली पडलेले उचलून पुन्हा मारले. शेवटी बाईंना मध्ये पडावे लागले.

रात्री मी त्याला अर्धा तास सावित्रीबाईंची गोष्ट सांगितली. १८४८ ची भिडेवाड्यातली शाळा, अंगावर पडणारी घाण, पिशवीत नेलेले दुसरे लुगडे. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता नावाच्या मुलीने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तोही सांगितला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, मग बाईंनी आम्हाला मारायला का सांगितलं? त्याची आई म्हणाली, नाटकात कुणीतरी मारणारं लागतंच की रे.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग पायरीवर पण कुणीतरी लागतंच का?"